ड्रम कोर स्पर्धेतील विजेतेपद : मापनपद्धती आणि तिचे परिणाम

कोणत्याही स्पर्धेत विजय कशाने मिळतो, या प्रश्नाचे उत्तर त्या स्पर्धेत मापन कशाचे होते यावर अवलंबून असते. धावण्याच्या शर्यतीत ही गोष्ट इतकी उघड असते की तिचा स्वतंत्र विचार करण्याची गरज भासत नाही. परंतु जेथे कलाकृतीला गुण द्यावयाचे असतात तेथे मापक हाच वादाचा विषय होतो. आणि मापक बदलला की विजेत्याचे स्वरूपही बदलते. या दृष्टीने अमेरिकेतील ड्रम कोर स्पर्धांचा इतिहास अभ्यासकाला विशेष उद्बोधक वाटेल, कारण तेथे मापनाची पद्धती एकदा आमूलाग्र बदलली आणि त्या बदलाचे परिणाम पुढील स्पर्धांत स्पष्ट दिसले.

प्रथम ड्रम कोर म्हणजे काय ते सांगितले पाहिजे. 'पथक' हा शब्द ऐकताच आपल्या डोळ्यांपुढे गणेशोत्सवातील ढोल-ताशांचे पथक अथवा संचलनातील लष्करी बँड उभा राहतो. ड्रम कोरचे मूळ लष्करी संचलनातच असले, तरी आजचे त्याचे रूप या दोहोंहून भिन्न आहे. दीडशेहून अधिक तरुण-तरुणी फुटबॉलच्या मैदानावर दहा-बारा मिनिटांची एकच सलग रचना सादर करतात. त्यांत पितळी सुषिर वाद्ये वाजविणारे असतात, गळ्यात ढोल अडकवून चालणारे असतात, मैदानाच्या अग्रभागी मरिम्बा, टिंपनी इत्यादी वाद्ये मांडून वाजविणारे असतात आणि ध्वज, लाकडी रायफली व तलवारी फिरवीत नृत्य करणारा 'कलर गार्ड' हा विभागही असतो. बासरी, क्लॅरिनेट अशा लाकडी सुषिर वाद्यांना येथे स्थान नाही. वयाची बावीस वर्षे ओलांडलेल्यास सभासद होता येत नाही; म्हणजे प्रत्येक सभासदाचे शेवटचे वर्ष त्याला आधीपासून ठाऊक असते. या एका नियमाने या स्पर्धांना जी तीव्रता आणली आहे, ती गुणपत्रकात कोठेही नोंदली जात नाही.

पहिल्या महायुद्धानंतर माजी सैनिकांच्या संघटना, चर्चसंस्था आणि बालवीर पथके यांच्या आश्रयाने ही पथके वाढली. 'अमेरिकन लीजन' आणि 'व्हेटरन्स ऑफ फॉरेन वॉर्स' या संघटना राष्ट्रीय स्पर्धा भरवीत व नियमही त्याच करीत. ते नियम सैनिकी शिस्तीचे होते; राष्ट्रध्वजाला मानवंदना देणे हा कार्यक्रमाचा आवश्यक भाग असे. आपल्या कलेवर आपलेच नियंत्रण असावे आणि मोबदलाही न्याय्य मिळावा या इच्छेने काही प्रमुख पथके १९७१ च्या सुमारास एकत्र आली, व त्यातून 'ड्रम कोर इंटरनॅशनल' ही संस्था जन्मास आली. तिची पहिली अजिंक्यपद स्पर्धा १९७२ मध्ये विस्कॉन्सिन राज्यातील व्हाइटवॉटर येथे झाली आणि कॅलिफोर्नियातील अनाहाइम किंग्जमेन हे पथक विजयी झाले.

संस्था नवी झाली तरी मापनपद्धती जुनीच राहिली. तिला 'टिक' पद्धती म्हणत. परीक्षक हातात फळी व पेन्सिल घेऊन मैदानावर वादकांच्या रांगांमधून हिंडत आणि चूक आढळली की कागदावर खूण करीत. प्रत्येक खुणेस गुणाचा एक-दशांश वजा होई. ही पद्धती वस्तुनिष्ठ वाटते, आणि तिच्या समर्थकांचा मुख्य मुद्दाही तोच होता. परंतु तिच्यातील दोष तर्काने सहज ध्यानात येतो. जेथे केवळ चुकांची गणना होते, तेथे चुकीची शक्यता कमी करणे हा विजयाचा सर्वांत सुरक्षित मार्ग ठरतो. आणि शक्यता कमी करण्याचा सोपा उपाय म्हणजे कठीण काही न करणे. रचनेच्या मूल्याला गुण नव्हते असे नाही. तथापि प्रत्येक नव्या कल्पनेला वजाबाकीची किंमत मोजावी लागत असे.

१९८४ च्या हंगामापासून ही पद्धती सोडून देण्यात आली. वजाबाकीऐवजी शून्यापासून वर चढत जाणारे गुणांकन आले आणि परीक्षकाने 'काय' व 'कसे' असे दोन प्रश्न एकत्र विचारावेत असे ठरले. 'काय' म्हणजे रचनेचा आशय, तिचे काठिण्य, तिच्यातील कल्पकता; 'कसे' म्हणजे त्या आशयाची वादकांनी प्रत्यक्षात साधलेली सिद्धी. मात्र बदलाची चाहूल आदल्याच वर्षी लागली होती, हे नमूद केले पाहिजे. १९८३ मध्ये न्यू जर्सीतील गारफील्ड कॅडेट्स विजयी झाले. त्यांचे संचलन-रचनाकार जॉर्ज झिंगाली यांनी मैदानाच्या मध्यरेषेभोवतीची परंपरागत सममिती मोडून वाहत्या, असममित आकृत्या योजल्या होत्या. जुन्या मापकाखालीही कल्पनेचे बळ जिंकू शकते हे त्यांनी दाखविले, आणि पुढील दोन वर्षे नव्या मापकाखालीही तेच विजेते राहिले.

विद्यमान पद्धतीचे अंकगणित थोडक्यात सांगतो, कारण व्यूहरचनेचे रहस्य त्यातच आहे. एकूण गुण १००. त्यांपैकी ४० समग्र परिणामाला, ३० दृश्य अंगाला व ३० संगीताला. समग्र परिणामाचे दोन विभाग प्रत्येकी २० गुणांचे असून ते पूर्ण धरले जातात. दृश्य अंगाचे तीन आणि संगीताचे तीन विभागही प्रत्येकी २० गुणांचेच असतात. परंतु त्यांची बेरीज निम्मी केली जाते. याचा अर्थ असा की, कलर गार्डने अथवा पितळी वाद्यांनी अपार कष्टाने मिळविलेला एक-दशांश गुण अंतिम बेरजेत त्याच्या निम्माच उरतो, तर समग्र परिणामातील एक-दशांश जसाच्या तसा जमा होतो. विजयाची इच्छा करणारे पथक म्हणूनच वादकांची निवड पुरी होण्यापूर्वीच रचनाकारांची निवड करते. आमच्या मते गेल्या चाळीस वर्षांतील विजेत्यांचा इतिहास हा मुख्यतः रचनाकारांच्या चमूंचा इतिहास आहे. कॅलिफोर्नियातील कॉन्कॉर्ड येथील ब्ल्यू डेव्हिल्स या पथकाने १९७६ ते २०२३ या काळात एकवीस अजिंक्यपदे मिळविली. तेथे वादक दर काही वर्षांनी बदलत गेले. टिकून राहिली ती रचना व शिक्षण यांची परंपरा.

परंतु रचना कितीही श्रेष्ठ असली तरी ती मैदानावर उतरावी लागते, आणि तेथे एक भौतिक अडचण उभी राहते. मैदानाची रुंदी सुमारे ४९ मीटर आहे. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर धरला, तर मागच्या कडेचा ध्वनी पुढच्या कडेस पोहोचण्यास ०.१४ सेकंद लागतात. मिनिटास १८० मात्रांच्या लयीत एक मात्रा ०.३३ सेकंदाची असते; म्हणजे केवळ अंतरामुळे मात्रेच्या चार-दशांशांइतका विलंब होतो. आता मागचा वादक पुढच्याचे ऐकून वाजवू लागला, तर तो ०.१४ सेकंद उशिरा ऐकेल आणि त्याचा ध्वनी प्रेक्षकांकडे परत येण्यास तितकाच काळ जाईल. दोन्ही मिळून ०.२८ सेकंद, म्हणजे जवळजवळ पूर्ण मात्रा चुकेल. यावरून या कलेतील एक मूलभूत नियम निघतो : जो मागे आहे त्याने पुढचे ऐकू नये, जो पुढे आहे त्याने मागून येणारा नाद ऐकून त्यात आपला स्वर मिसळावा. ढोलवादक बहुधा मागे असतात व लयीचा आधार तेच असतात. त्यांच्या पावलांकडे पाहून ड्रम मेजर हाताने ताल देतो, आणि अग्रभागी असलेले मरिम्बावादक ड्रम मेजरच्या हाताकडे पाहण्याऐवजी पाठीमागून येणाऱ्या ढोलांकडे कान देतात. डोळे एक सांगत असताना कानांवर विश्वास ठेवावयाचा, हे शिकण्यास महिने लागतात. आणि ढोल मैदानाच्या दुसऱ्या टोकाकडे सरकले की सारे संबंध पुन्हा नव्याने बसवावे लागतात.

स्थानाचा हिशेब याहून सोपा, पण अधिक कष्टाचा. पाच यार्डांत आठ पावले, म्हणजे एक पाऊल साडेबावीस इंचांचे, हे प्रमाण मानून प्रत्येक सभासदाला प्रत्येक आकृतीतील आपला बिंदू पाठ करावा लागतो. लय वाढली आणि पाऊल तीस इंचांचे झाले, की मिनिटास २०० पावलांच्या गतीने तो सेकंदाला अडीच मीटर चालतो, तेही पाठमोरा वा तिरपा, आणि ओठांवरील वाद्य न हलविता. उन्हाळ्यापूर्वीच्या शिबिरात दिवसाचे दहा-बारा तास सराव चालतो. नंतर सुमारे दोन महिने दौरा. शाळांच्या व्यायामशाळांतील जमिनीवर झोप, बसमधून रात्रीचा प्रवास, फिरत्या स्वयंपाकगाडीवरील जेवण. हंगामाच्या आरंभी साठ-सत्तरांच्या घरात असलेले गुण ऑगस्टमध्ये नव्वदीच्या पुढे जातात, ते या नित्य परिमार्जनामुळे. आणि तरीही उत्तम पथके अखेरच्या आठवड्यांत रचनाच बदलतात, घोटलेला भाग टाकून नवा बसवितात. 'काय' सुधारण्यासाठी 'कसे' पणास लावण्याचे हे धैर्य ज्यांच्याजवळ नसते ती पथके बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकावर थांबतात.

निर्णय होतो तो एका रात्रीत. आधीच्या फेऱ्यांचे गुण अंतिम फेरीत धरले जात नाहीत. २००८ मध्ये उपांत्य फेरीपर्यंत ब्ल्यू डेव्हिल्स आघाडीवर होते. अंतिम रात्री इलिनॉयमधील रॉकफर्डचे फँटम रेजिमेंट 'स्पार्टाकस' ही रचना घेऊन ९८.१२५ विरुद्ध ९८.१०० अशा गुणांनी विजयी झाले. पंचवीस-सहस्रांश गुणाचा हा भेद कोणत्या अर्थाने सत्य म्हणावा? एवढे सूक्ष्म अंतर ओळखण्याची शक्ती कोणत्याही परीक्षकाच्या कानांत वा डोळ्यांत नाही. ते अनेक परीक्षकांच्या सरासरीतून उत्पन्न होते. १९९३ चे उदाहरण याहून बोलके आहे. स्टार ऑफ इंडियाना या पथकाने बार्टोक व बार्बर यांच्या संगीतावर आधारलेली, कठोर आणि अनलंकृत रचना सादर केली. प्रेक्षकांत मतभेद झाले. ९७.४ विरुद्ध ९७.३ गुणांनी कॅडेट्स विजयी ठरले. स्टार ऑफ इंडियाना यानंतर या स्पर्धांतून कायमचे निवृत्त झाले, आणि त्याच परंपरेतून पुढे उभ्या राहिलेल्या 'ब्लास्ट' या रंगमंचीय प्रयोगाला २००१ मध्ये टोनी पुरस्कार मिळाला. पराभूत रचनेचा प्रभाव विजयी रचनेहून दीर्घकाळ टिकावा, ही गोष्ट मापकाच्या मर्यादेकडे बोट दाखविते. मापक निरुपयोगी आहे, असे मात्र त्यावरून सिद्ध होत नाही.

द्रव्याचा विचार टाळून चालणार नाही. आघाडीच्या पथकाचा वार्षिक खर्च दहा लाख डॉलरांहून पुष्कळ अधिक असतो. सभासद हजारो डॉलर शुल्क देतात. उरलेले देणग्यांतून, तर कॅलिफोर्नियातील काही पथकांच्या बाबतीत चक्क बिंगोच्या खेळातून उभे राहते. सात वेळा विजेते झालेले सांता क्लारा व्हॅनगार्ड हे पथक आर्थिक अडचणीमुळे २०२३ च्या हंगामात उतरू शकले नाही. १९३४ मध्ये स्थापन झालेल्या आणि दहा अजिंक्यपदे मिळविलेल्या कॅडेट्सने तर २०२४ मध्ये कामकाज बंद केले. जुन्या काळातील गैरवर्तनासंबंधीचा न्यायालयीन दावा व त्यातून आलेला खर्च त्यास कारण झाला. ज्या संस्थेकडे तरुण मुले उन्हाळाभर सोपविली जातात, तिने त्यांच्या सुरक्षिततेची व्यवस्था ठेवली आहे की नाही, हाही विजयाच्या पूर्वअटींतील एक भाग आहे, हे या क्षेत्राला उशिरा उमजले.

बॉस्टन क्रुसेडर्स या पथकाचा क्रम पाहिला म्हणजे हे सर्व घटक एकत्र कसे येतात ते दिसते. स्थापना १९४०. ड्रम कोर इंटरनॅशनलच्या संस्थापक पथकांपैकी हे एक. तथापि अंतिम बारांत प्रथम प्रवेश मिळाला तो १९९९ मध्ये. २०१६ मध्ये ते बारावे होते. त्यानंतर रचनाकारांचा नवा चमू आला आणि एका वर्षात ते सहाव्या स्थानावर गेले. २०२२ व २०२४ मध्ये दुसरे. आणि २०२५ मध्ये इंडियानापोलिस येथे पहिले अजिंक्यपद.