मूल होत नाही? पतीचा व्यवसायही विचारा

खारघरसारख्या वसाहतीतील घरात कीटकनाशकाची फवारणी तासाभरात आटोपते. रहिवासी तेवढा वेळ बाहेर थांबतात. फवारणाऱ्याचे मात्र ते रोजचेच काम. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ मध्ये फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक बळी घेतले, तेव्हा कीटकनाशकांचा तत्काळ धोका सर्वांना दिसला. दीर्घकाळच्या संपर्काचे परिणाम मात्र सहजी दिसत नाहीत.

कॅलिफोर्नियात डीबीसीपी हे कृमिनाशक बनविणाऱ्या कारखान्यातील कामगारांना आपल्याला मुले होत नसल्याचे जाणवले. १९७७ मधील तपासणीत अनेकांच्या वीर्यात शुक्राणू अत्यल्प आढळले, काहींच्या वीर्यात ते नव्हतेच. काम थांबविल्यावर काहीजण सावरले, सर्वच नाहीत. केरळमधील कासारगोड येथे एंडोसल्फानच्या संपर्कातील मुलगे उशिरा वयात येत असल्याचे २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कीटकनाशकावर बंदी घातली.

अनेक कीटकनाशके त्वचेतूनही शरीरात शिरतात. म्हणूनच केवळ तोंडाला रुमाल बांधणे पुरेसे नाही. हातमोजे, पूर्ण कपडे आणि कामानंतर स्नान आवश्यक ठरते. अपत्य नसल्यास पत्नीच्याच तपासण्या करीत न बसता पतीची वीर्यतपासणीही व्हावी आणि त्याने आपल्या कामाचे स्वरूप डॉक्टरांना आवर्जून सांगावे.