रिनियाचे अनवाणी पाहुणे

थुसिडिडीजच्या इतिहासात, पेलोपोनेशियन युद्धाच्या ऐन धामधुमीत, एक छोटा परिच्छेद येतो. इ.स.पू. ४२६च्या हिवाळ्यात अथेन्सने डेलॉस बेट शुद्ध करून घेतलं. बेटावरच्या सगळ्या कबरी उकरून काढल्या आणि फर्मान निघालं की यापुढे या बेटावर कुणी जन्मायचं नाही आणि कुणी मरायचंही नाही. दिवस भरलेली बाई असो की शेवटच्या घटका मोजणारा म्हातारा, दोघांनाही होडीत घालून समोरच्या रिनिया बेटावर न्यायचं. कॉलेजात असताना हा परिच्छेद वाचला आणि तेव्हापासून तो माझ्या मागे लागला आहे. डेलॉसबद्दल काहीही वाचायला घेतलं की मन त्या होडीपाशी जाऊन थांबतं, आणि ती जिथे लागायची त्या किनाऱ्यापाशी.

सोयर-सुतकाच्या संस्कारात वाढलेल्या माणसाला या फर्मानामागचा विचार समजावून सांगावा लागत नाही. जन्माचा आणि मृत्यूचा विटाळ देवापर्यंत पोचू द्यायचा नाही, एवढीच गोष्ट. आपण तो विटाळ दिवसांत मोजतो, अथेन्सने तो जागेत मोजला. अपोलोचं जन्मस्थान म्हणून सबंध बेटालाच गाभारा ठरवलं आणि माणसाच्या आयुष्याची दोन्ही टोकं सामुद्रधुनीपलीकडे ढकलली.

आज शेजारच्या मिकोनॉस बेटावर उतरणाऱ्या प्रवाशापुढे दिवसभराच्या सहलीसाठी ही दोन बेटं असतात. जुन्या बंदरातून डेलॉसच्या होड्या सुटतात, अर्ध्या तासात पोचवतात आणि दुपारी परत आणतात. डेलॉसवर रात्री राहायला आजही मनाई आहे. तिथे मुक्काम फक्त पहारेकऱ्यांचा आणि उत्खनन करणाऱ्यांचा. रिनियाला मात्र नियमित होडी नाही. शिडाच्या बोटी आणि कॅटामरान दक्षिणेकडच्या निळ्याशार खाड्यांत नांगर टाकतात, लोक पोहतात, जेवतात आणि संध्याकाळी परततात. त्यामुळे बहुतेकांच्या मनात वाटणी ठरलेली असते: डेलॉस इतिहासासाठी, रिनिया पोहण्यासाठी. ही वाटणी मला मान्य नाही. डेलॉसचा निम्मा इतिहास रिनियाच्या मातीत आहे. कबरींचं तर हे शब्दशः खरं आहे.

आकाराने रिनिया डेलॉसच्या चौपट. डेलॉस जेमतेम साडेतीन चौरस किलोमीटर, मधोमध सव्वाशे मीटरही उंची नसलेला किंथॉसचा डोंगर. रिनिया सुमारे चौदा चौरस किलोमीटर, दोन तुकडे एका अरुंद पट्टीने जोडलेले. दोन्ही बेटांमधलं पाणी इतकं कमी की भूगोलकार स्ट्रेबोने ते अंतर चार स्टेडिया, म्हणजे पाऊण किलोमीटरच्या आसपास दिलं आहे. सामॉसचा जुलमी सत्ताधीश पॉलिक्रेटिस याने इ.स.पू. सहाव्या शतकात रिनिया जिंकलं, अपोलोला अर्पण केलं आणि साखळीने डेलॉसला बांधलं. पुढे अथेन्सचा धनाढ्य सेनानी निकियास याने सणाच्या मिरवणुकीसाठी गायकवृंद आणि बळीची जनावरं रिनियावर उतरवली, मापानं आधीच तयार करून आणलेला पूल एका रात्रीत सामुद्रधुनीवर टाकला आणि पहाटे गाणी गात सगळे डेलॉसवर चालत गेले. चरित्रकार प्लुटार्कने या पुलाचा सोनेरी मुलामा, रंग आणि पुष्पमाळासुद्धा नोंदवल्या आहेत. दोन्ही वेळा रिनियाचं काम एकच: डेलॉसच्या वैभवाचा उंबरठा होणं.

डेलॉसच्या भरभराटीची कहाणी वाचकांना ठाऊक असेलच. अथेन्सच्या आघाडीचा खजिना काही काळ इथे होता. इ.स.पू. ३१४नंतरच्या दीडशे वर्षांच्या स्वातंत्र्यात देवळाचे जमाखर्च दगडावर कोरले गेले. १६६च्या सुमाराला रोमने बेट पुन्हा अथेन्सच्या ताब्यात दिलं आणि बंदर करमुक्त केलं. मग दिवसाला दहा-दहा हजार गुलामांची उलाढाल होईल असा बाजार इथे उभा राहिला. ८८मध्ये रोमचा शत्रू राजा मिथ्रिडेटिस याच्या सैन्याने कत्तल केली, ६९मध्ये चाच्यांनी उरलंसुरलं लुटलं. १८७३पासून फ्रेंच पुरातत्त्वज्ञ तिथे खणत आहेत. सिंहांची ओळ, डायोनायससच्या घरातली फरसबंदी, नाट्यगृह यांवर चिकार लिहिलं गेलं आहे. मला ओढ आहे ती एका खुनाच्या खटल्याची.

इ.स.पू. ३४३च्या आसपास डेलॉसचे लोक अथेन्सविरुद्ध उभे राहिले. आपल्या देवळाचा कारभार आपल्याच हाती हवा, अशी त्यांची मागणी होती आणि न्याय करणार होतं डेल्फीचं मंडळ. अथेन्सच्या सभेने आधी एस्किनिसला वकील नेमलं, पण अरेओपॅगस या अथेन्सच्या जुन्या न्यायसभेच्या ज्येष्ठांनी ती नेमणूक रद्द करून काम हायपरायडीजकडे सोपवलं. डेमॉस्थेनिसने पुढे हे एस्किनिसला भर कोर्टात ऐकवलं आहे. हायपरायडीजने जे भाषण केलं त्याला प्राचीन काळी 'डेलियाकॉस' म्हणत. ते भाषण हरवलं. हायपरायडीजची इतर काही भाषणं एकोणिसाव्या शतकात इजिप्तच्या पपायरसांवर सापडली, काही अलीकडे आर्किमिडीजच्या पुसून पुन्हा लिहिलेल्या हस्तलिखितात निघाली. 'डेलियाकॉस' मात्र अजून मिळालेलं नाही. वक्तृत्वशास्त्राच्या टीकाकारांनी उदाहरणादाखल उतरवून घेतलेले थोडे तुकडे तेवढे उरले. त्यांतला एक तुकडा म्हणजे प्राचीन जगातला, दोन शेजारी बेटांची पाहुण्यांच्या नजरेतून केलेली तुलना असणारा सर्वांत विलक्षण कागद आहे, असं माझं मत आहे.

गोष्ट अशी. आयोलिसचे काही श्रीमंत यात्रेकरू डेलॉसला आले. त्यांच्याजवळ बरंच सोनं होतं. काही काळाने त्यांची प्रेतं रिनियाच्या किनाऱ्यावर पडलेली दिसली. गवगवा झाला. डेलॉसवाल्यांनी रिनियावर आळ घेतला आणि त्यांच्या गावावर देवद्रोहाचा खटला भरला. रिनियावाले संतापले आणि त्यांनी तोच आरोप उलट डेलॉसवर ठेवला. खुनी कोण, या दोघांतल्या निवाड्यात रिनियाच्या बाजूने एकामागून एक सवाल केले गेले.

पहिला सवाल असा की ही माणसं आमच्याकडे येतीलच कशाला? आमच्याकडे ना बंदर, ना बाजारपेठ, ना वेळ घालवण्यासारखं काही. सगळं जग डेलॉसला जातं आणि आम्ही स्वतःसुद्धा बहुतेक वेळ डेलॉसवरच असतो. डेलॉसवाले म्हणाले, बळीची जनावरं विकत घ्यायला ते रिनियाला गेले. त्यावर रिनियाने विचारलं की जनावरं घ्यायची होती, तर ती हाकत आणण्यासाठी सोबतचे गुलाम कसे नेले नाहीत? त्यांना डेलॉसवर ठेवून एकटेच का गेले? आणि शेवटचा सवाल असा की उताराच्या ठिकाणापासून आमच्या गावापर्यंत तीस स्टेडियांची खडकाळ वाट आहे, खरेदीसाठी ती तुडवायची होती, तर देवळाच्या आवारात वहाणा घालून हिंडणारे हे पाहुणे रिनियाला मात्र अनवाणी कसे गेले?

प्रेतांच्या पायांत वहाणा नव्हत्या. एवढ्या एका निरीक्षणावर सारा युक्तिवाद उभा आहे. तीस स्टेडिया म्हणजे साडेपाच किलोमीटर. रिनियाचं गाव पश्चिम किनाऱ्यावर होतं, त्यामुळे डेलॉससमोरच्या किनाऱ्यावरून निघालं की बेट ओलांडूनच जावं लागे. तो दगडधोंड्यांचा रस्ता ज्याच्या पायाखाली रोज येतो त्यालाच वहाणांची आठवण होते. म्हणून हा मुद्दा मूळचा हायपरायडीजचा नसून रिनियाच्या एखाद्या रहिवाशाने पुरवलेला असावा, असं मला वाटतं.

आता इथे सावध राहायला हवं. हायपरायडीज अथेन्सचा वकील होता. डेलॉसचे लोक यात्रेकरूंना लुटतात, मारतात, त्यांच्या हाती देऊळ कसं द्यायचं, हे ठसवण्यासाठी त्याने हा प्रसंग वापरला. डेलॉसची बाजू आपल्यापर्यंत पोचलेली नाही. निवाड्यात दोघांपैकी कोण दोषी ठरलं हेही तुकड्यात नाही. अथेन्सने देवळावरचा हक्क मात्र टिकवला. तरीही एक गोष्ट मला या कथेत रिनियाच्या बाजूने पटते, आणि ती हायपरायडीजच्या उरलेल्या ओळींत नाही. डेलॉसवर मरायलाच बंदी होती. तिथे प्रेत सापडणं हाच मोठा देवद्रोह. डेलॉसवर कुणी खून केला तर प्रेत पाण्यापलीकडे नेण्याची त्याला घाई होणारच, आणि डेलॉसहून रिनियाला जाणारं प्रेत हे तर तिथलं रोजचं दृश्य. बेटाच्या पावित्र्याचा कायदाच खुन्याच्या सोयीचा ठरला असेल. रिनियावर प्रेत मिळालं याचा अर्थ एवढाच की माणूस मेला. कुठे मेला हे त्यावरून कळत नाही.

या पावित्र्याची सर्वांत मोठी किंमत डेलॉसच्याच लोकांनी मोजली. प्लुटार्कने पॉसेनियस नावाच्या स्पार्टन सरदाराच्या तोंडी एक प्रश्न घातला आहे. अथेन्सशी भांडताना डेलॉसवाले आपल्या बेटाचा नियम सांगू लागले, तेव्हा तो म्हणाला की जिथे तुमच्यातला कुणी जन्मला नाही आणि कुणी पुरला जाणार नाही, ती तुमची मायभूमी कशी? पॉसेनियसचा काळ शुद्धीच्या बऱ्याच आधीचा, म्हणून प्रसंग शंकास्पद आहे. प्रश्न मात्र अचूक आहे. इ.स.पू. ४२२मध्ये अथेन्सने उरलेल्या डेलॉसवासीयांनाही जुन्या दोषाचं कारण देऊन बेटाबाहेर काढलं. डेल्फीच्या देववाणीमुळे पुढच्या वर्षी त्यांना परत आणावं लागलं. १६६नंतर त्यांना पुन्हा हाकललं, ते कायमचं. देवाचं बेट देवाचंच राहिलं, माणसांचं कधी झालं नाही.

रिनियाचा आणखी एक माणूस दगडावर जिवंत आहे. त्याचं नाव देमेत्रिओस. डेलॉसवर सरापिस या इजिप्तच्या देवाचं एक छोटं, खासगी देऊळ होतं. एका इजिप्शियन पुजाऱ्याने तो देव डेलॉसला आणला. दोन पिढ्या तो भाड्याच्या खोल्यांत राहिला आणि नातवाने स्वप्नातल्या आज्ञेवरून जमीन घेऊन देऊळ बांधलं. त्यावरही खटला झाला होता आणि तो जिंकल्याची कथा तिथल्याच एका स्तंभावर कोरलेली सापडली. अथेन्सची सत्ता परत आल्यावर हे देऊळ बंद करण्याचा घाट घातला गेला. तेव्हा रिनियाचा देमेत्रिओस थेट रोमला गेला, सिनेटपुढे उभा राहिला आणि पूर्वीप्रमाणे पूजा चालू ठेवण्याचा ठराव घेऊन परतला. अथेन्समध्ये त्यावर पुष्कळ चर्चा झाली आणि शेवटी सेनाधिकाऱ्यांनी डेलॉसच्या कारभाऱ्याला, कार्मिदिसला पत्र लिहिलं की याला अडवू नका. सिनेटचा ठराव सोबत जोडला. पत्र आणि ठराव दोन्ही दगडावर कोरलेले आहेत, काळ साधारण इ.स.पू. १६४. ज्या बेटावर वेळ घालवण्यासारखं काही नाही असं तिथल्याच लोकांनी निवाड्यात सांगितलं, तिथल्या एका पुजाऱ्याने जगाच्या राजधानीत जाऊन अथेन्सचा हुकूम फिरवून आणला. डेलॉसच्या सगळ्या पुतळ्यांपेक्षा मला हे पत्र मोलाचं वाटतं.

रिनियाच्या डेलॉसकडच्या किनाऱ्यावर पुढची काही शतकं कबरींची रांग वाढत गेली. व्यापारी, इटालियन, सीरियन, ज्यू अशा नाना प्रकारच्या लोकांना तिथे पुरलं. तिथलेच हेराक्लेआ आणि मार्थिना या दोन अकाली गेलेल्या मुलींचे शिलालेख सांगितल्याशिवाय राहवत नाही. वर आकाशाकडे उंचावलेले दोन हात कोरले आहेत आणि खाली परमोच्च देवाला साकडं घातलं आहे की यांना कपटाने मारणाऱ्यांचा किंवा विष घालणाऱ्यांचा तू सूड घे. भाषा ग्रीक आहे, देव मात्र ज्यूंचा. सगळे जीव नम्र होतात त्या दिवसाचा उल्लेख अभ्यासकांनी त्यांच्या प्रायश्चित्ताच्या दिवसाशी जोडला आहे. या लेखांपैकी एक आता बुखारेस्टमध्ये आहे, दुसरा अथेन्समध्ये. मुली कुणाच्या, संशय कुणावर, यातलं काही लिहिलेलं नाही. पुन्हा एकदा संशयित मृत्यू, आणि पुन्हा रिनिया.

आणि इ.स.पू. ४२६मध्ये उकरलेल्या त्या पहिल्या कबरींचं काय झालं? थुसिडिडीज सांगतो की त्यांतल्या निम्म्याहून अधिक कॅरियन लोकांच्या होत्या. सोबत पुरलेल्या शस्त्रांवरून ते ओळखू आलं. उत्खननावरून इतिहास मांडण्याचा हा फार जुना दाखला आहे. अस्थी आणि भांडी रिनियावर एका खड्ड्यात घातली. १८९८ ते १९०० या काळात दिमित्रिओस स्ताव्रोपुलोस या ग्रीक पुरातत्त्वज्ञाने तो खड्डा शोधला, आणि आत खरोखरच शतकानुशतकांची भांडी एकत्र निघाली. थुसिडिडीजचं एक वाक्य जमिनीने जसंच्या तसं परत दिलं. तो ऐवज ठेवायला मिकोनॉसच्या बंदराजवळ १९०२मध्ये म्युझियम बांधलं.

तेव्हा माझा सल्ला असा. एकच दिवस हाताशी असेल तर डेलॉस निवडा, याबद्दल दुमत नको. सकाळची पहिली होडी घ्या, टोपी आणि पाणी जवळ ठेवा, कारण तिथे सावली जवळजवळ नाही. किंथॉसवर चढलात की पश्चिमेला पाहा. समोर रिनिया असेल. परतल्यावर हॉटेलवर जाण्याआधी मिकोनॉसचं म्युझियम गाठा आणि खड्ड्यातली ती भांडी बघा. दुसरा दिवस मिळाला तर तो रिनियाला द्या. बोटवाल्याला फक्त दक्षिणेच्या खाडीत पोहायला नेऊ नका म्हणावं, पूर्व किनाऱ्यालगत, डेलॉसच्या समोरून बोट न्यायला सांगावं. तिथले अवशेष संरक्षित आहेत, म्हणून उतरून काही उचलू नये आणि कुंपणं ओलांडू नयेत. पाण्यावरून बघितलं तरी पुरे.