दुधाला उकळी येईपर्यंत

सकाळचे साडेसहा. एका शेगडीवर दूध, दुसरीवर कुकर, ओट्यावर मुलांचे डबे उघडे. अशा धांदलीत ‘स्वतःसाठी अर्धा तास काढा’ हा सल्ला मला निर्दय वाटतो. त्या घरात तेवढा वेळ नसतोच.

सवयीला मुळात वेळेपेक्षा खूण जास्त लागते. ठरावीक कामानंतर, त्याच जागी तीच कृती होत राहिली, की मेंदूच्या आतल्या भागातले बेसल गँग्लिया ही जोडी पक्की करतात. मग रोज मनाला ढकलावं लागत नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर केलेला अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागतात, पण कुणाला १८ पुरतात, तर कुणाला २५४ लागतील, असा हिशेब निघाला. मधला एखादा दिवस चुकला तरी फारसं बिघडत नाही, हे त्यातलं मला सर्वांत दिलासा देणारं वाटतं.

म्हणून दूध तापत ठेवलं, की ओट्याला हात टेकून टाचा वर-खाली करायच्या. कडेनं बुडबुडे येऊन साय थरथरायला लागेपर्यंत वीसेक वेळा सहज होतं. पाण्याचा तांब्या रात्रीच शेगडीजवळ भरून ठेवायचा. चहाचं आधण ठेवताना तो समोरच दिसतो.