महाशिर मुंगीचे दप्तर

1793 साली, म्हणजे फ्रान्सच्या राजाचे शिर ज्या वर्षी धडावेगळे झाले त्याच वर्षी, लिनिअसचा शिष्य आणि कील येथील विद्यापीठाचा अध्यापक योहान ख्रिश्चन फाब्रिसियस याने, हिंदी महासागरातील 'इल द फ्रान्स' या फ्रेंच अमलाखालील बेटावरून आलेल्या एका क्षुद्र मुंगीची आपल्या लॅटिन ग्रंथात नोंद केली आणि तिच्या डोक्याचा विस्तार पाहून तिला 'फॉर्मिका मेगासेफाला', म्हणजे मोठ्या डोक्याची मुंगी, असे नाव दिले. हेच बेट पुढे मॉरिशस म्हणून इंग्रजांच्या ताब्यात गेले आणि रत्नागिरीकडची कित्येक कुटुंबे गिरमिटावर तेथे उतरली. त्यांच्या ओसरीवरून जी मुंग्यांची रांग जात असेल, तीत ही आफ्रिकेकडची मुंगी असणे अगदी संभवनीय आहे.

या मुंगीच्या एकाच वारुळात दोन तऱ्हेच्या कामकरी नांदतात. धाकटी जेमतेम दोन मिलिमीटर, मोहरीच्या दाण्याहून फारशी लांब नाही. थोरली, जिला लोक शिपाई म्हणतात, तिच्या दुपटीच्या आतबाहेर. शिपायाचे डोके हृदयाकृती असून त्याच्या पुढील भागावर बारीक उभ्या रेघा असतात आणि मागील भाग घासूनपुसून ठेवलेल्या तांब्यासारखा गुळगुळीत व चकचकीत असतो. हा एवढा अवजड डोलारा मुख्यत्वे जबडा चालविणाऱ्या स्नायूंसाठी आहे. शृंगिकेला बारा पेरी, त्यांपैकी शेवटची तीन फुगून गदेसारखी झालेली. कमरेला दोन गाठी, आणि मुंगी कुशीवर वळवून भिंगाखाली पाहिली असता मागच्या गाठीला खालच्या अंगाने एक ठसठशीत फुगवटा दिसतो. जाणत्याची नजर प्रथम तेथे जाते, डोक्याकडे नव्हे.

डोक्याकडे न जाण्याचे कारण समजण्यासाठी काही काळ पुण्यास यावे लागते. मुंबई सरकारच्या सांख्यिकी खात्याचा लष्करी अधिकारी विल्यम हेन्री साइक्स, ज्याने दख्खनच्या गावोगाव फिरून जमाबंदीपासून पक्ष्यांपर्यंत सारे काही टिपून ठेवले, त्याला 1829च्या पावसाळ्याच्या तोंडी पुण्याच्या परेडच्या मैदानाजवळ गवताच्या बियांचे लहान लहान ढीग पडलेले दिसले. बारकाईने पाहता शेकडो मुंग्या भुयारातील कोठारातून भिजलेले बी वर आणून उन्हात वाळत घालीत होत्या. आपल्याकडील गृहिणी वळवाच्या सरीत भिजलेले धान्य अंगणात पसरते तशा. मुंग्या धान्य साठवितात ही प्राचीनांची गोष्ट युरोपातील पंडितांनी त्या काळी जवळजवळ निकालात काढली होती. साइक्सने तिला पुण्याच्या मातीतून साक्ष मिळवून दिली आणि 1835 साली त्या मुंगीचे 'अ‍ॅटा प्रोव्हिडेन्स', दूरदर्शी मुंगी, असे नामकरण केले. पुढे 1839 साली कीटकशास्त्रज्ञ वेस्टवुडने 'फायडोली' ही नवी प्रजाती उभारली ती याच एका मुंगीच्या आधारावर. तात्पर्य, फाब्रिसियसची आफ्रिकी मुंगी आज ज्या प्रजातीत गणली जाते, त्या प्रजातीचा मूळ खातेदार पुणेकर आहे. हा योगायोग मला, स्थानाभिमान बाजूस ठेवूनही, फार आवडतो.

या प्रजातीत आज हजाराहून अधिक जाती मोडतात. मुंग्यांचा अभ्यासक एडवर्ड विल्सनने 2003 साली केवळ अमेरिका खंडातल्याच 624 वर्णिल्या. आणि या साऱ्या गोतातील शिपायांचे डोके मोठेच असते! म्हणजे फाब्रिसियसने जी खूण नावात कोरली ती एका व्यक्तीची नसून अख्ख्या भाऊबंदकीची होती. गावातील एका इसमाची ओळख सांगताना 'तो दोन पायांचा' असे म्हणावे, तसा हा प्रकार झाला.

जहाजांतील कुंड्या, माती आणि मालाच्या गोण्या यांतून ही मुंगी उष्ण प्रदेशांत सर्वत्र पसरली, आणि जेथे उतरली तेथे नवे नाव घेऊन बसली. स्विस पंडित ओस्वाल्ड हेअर याने मदेरा बेटावरील घरांत ती पाहून 1852 साली तिला 'ओएकोफ्थोरा पुसिला' म्हटले. तीनच वर्षांनी फ्रेडरिक स्मिथने इंग्लंडात सापडलेल्या मुंगीला 'मिर्मिका लेविगाटा' ठरविले. नंतर झ्यूरिकच्या वेड्यांच्या इस्पितळाचा प्रमुख राहिलेला ओग्यूस्त फोरेल आणि ट्युनिशियातील कैरुआन येथे वैद्यकी करणारा फेलिक्स सांची यांनी आफ्रिकेतील मुंग्यांचे जे वर्गीकरण केले, त्यात जातीखाली उपजाती आणि उपजातीखाली वाण अशी चार-चार पदांची नावे पाडली गेली. रंग थोडा गडद दिसला की नवा वाण, रेघा थोड्या दाट दिसल्या की नवी उपजाती. त्यांच्या व्यासंगाविषयी मला नितांत आदर आहे. पण तलाठ्याने प्रत्येक बांधाला वेगळा सर्व्हे नंबर द्यावा तशी ही तऱ्हा होती, आणि ते फेरफार रद्द करता करता पुढील पिढ्यांचे डोळे दुखले.

असा वाद पडला म्हणजे प्राणिशास्त्रात शब्दांचा निवाडा शब्दांनी होत नाही. ज्या देहावरून मूळ वर्णन केले तो देह पुढे करावा लागतो; त्रिकोणी कागदाच्या टोकावर गोंदाने चिकटविलेली, टाचणीला टोचलेली आणि खाली स्थळकाळाच्या चिठ्ठ्या लावलेली ती एक मुंगी म्हणजे त्या नावाची अस्सल सनद. मेगासेफालाची सनदच गहाळ होती. जगातील शंभर अत्यंत उपद्रवी उपऱ्या जीवांच्या यादीत हे नाव दाखल झाले, तिच्या बंदोबस्ताच्या मोहिमा निघाल्या, परंतु ते नाव नेमके कोणत्या देहाचे, याचा पुरावा कोणाच्याच दप्तरी नव्हता. अखेर 2013 साली गेऑर्ग फिशर आणि ब्रायन फिशर या दोघांनी (आडनावे उच्चारात एक, रोमन लिपीत लिहिण्यात एका अक्षराचा फरक, नामकरणाच्या शास्त्राला साजेसाच) नैर्ऋत्य हिंदी महासागरातील बेटांवरच्या फायडोलींचा फेरतपास करून मॉरिशसचाच एक नमुना हरवलेल्या मूळ नमुन्याच्या जागी रीतसर स्थापित केला. दोनशे वीस वर्षांनी नावाला देह मिळाला.

तिच्या उपद्रवाचा एक मासला पाहा. आफ्रिकेकडची असूनही केनियातील लायकिपियाच्या पठारावर ही मुंगी उपरीच. तेथील एका बाभळीच्या फुगीर, पोकळ काट्यांत स्थानिक मुंग्या राहतात आणि पाला ओरबाडणाऱ्या हत्तीच्या सोंडेत शिरून चावे घेतात; त्या मोबदल्यात झाड त्यांना घर देते. महाशिर मुंगीने या पहारेकऱ्यांचा निःपात केला, तेव्हा हत्तींनी झाडे बेधडक मोडली, रान उघडे पडले, आणि दबा धरून बसायला आडोसा उरला नाही म्हणून सिंहांना झेब्रे मारणे अवघड झाले. 2024 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार सिंहांनी मारलेल्या जनावरांत झेब्र्यांचे प्रमाण 2003 साली शेकडा 67 होते, ते 2020 साली 42वर आले. सिंह आता रानरेड्यांच्या मागे लागले आहेत.