भुताविना भय

संगणकावरचा खेळ हा अग्रलेखाचा विषय होऊ शकतो काय, असा प्रश्न आमच्या काही ज्येष्ठ वाचकांस पडेल. मुलांचा वेळ खाणारे आणि डोळे बिघडवणारे एक खूळ, यापलीकडे अनेक घरांना या खेळांची ओळख नाही. आणि त्या तक्रारीत तथ्यही आहे. तथापि जपानमधून आलेल्या एका छोटेखानी भयखेळाची दखल घेणे आम्हांस अगत्याचे वाटते. 'एक्झिट ८' हे त्याचे नाव. कोताके क्रिएट या नावाने काम करणाऱ्या एकट्या निर्मात्याने तो नोव्हेंबर २०२३ मध्ये प्रसिद्ध केला. शेकडो माणसे राबवून आणि अमाप पैसा ओतून मोठ्या कंपन्या जे खेळ काढतात, त्यांच्यापुढे याचे भांडवल नगण्यच. सुमारे तासाभरात तो संपतो. असे असूनही गेन्की कावामुरा यांनी त्यावर चित्रपट काढला आणि २०२५ च्या कान महोत्सवात तो दाखवला गेला.

खेळाचे स्थळ एकच. भुयारी रेल्वेस्थानकातला, पांढऱ्या फरशांनी मढवलेला आणि दिव्यांनी लख्ख उजळलेला एक बोळ. एका भिंतीवर जाहिरातींची भित्तिपत्रके, दुसऱ्या भिंतीत बंद दारे, छताला पिवळी पाटी. समोरून एक मध्यमवयीन गृहस्थ हाती बॅग घेऊन येतो आणि न बोलता निघून जातो. वळण घ्यावे तो पुन्हा तोच बोळ, तोच गृहस्थ. सुटकेचा नियम सोपा आहे. काही वावगे दिसले तर माघारी फिरावे. सारे यथास्थित असेल तर पुढे जावे. निवाडा बरोबर ठरला की पाटीवरचा आकडा एकाने वाढतो. आठ गाठले की सुटका. मध्ये चुकले की पुन्हा शून्य.

कधी दाराची मूठ कडेची सरकून मधोमध आलेली असते. कधी भित्तिपत्रकावरचे डोळे आपल्या पाठोपाठ फिरतात. कधी तो गृहस्थ हसत असतो. क्वचित दिवे जातात, वा लाल पाण्याचा लोंढा अंगावर येतो. पण असे ढळढळीत प्रकार ओळखणे अवघड नाही. धास्ती वाटते ती लहान फरकांची. हा खेळ खेळताना थोड्याच वेळात आम्हांस आमच्याच डोळ्यांचा भरवसा वाटेनासा झाला. ते भित्तिपत्रक मघाशी एवढेच होते काय, हा प्रश्न कोणत्याही हडळीपेक्षा अधिक छळतो.

आमच्या किनारपट्टीला भयकथांचे वावडे नाही. देवचाराच्या आणि राखणदाराच्या गोष्टी ऐकत येथील पिढ्या वाढल्या. तिन्हीसांजेनंतर मागून हाक आली तर ओ देऊ नये, वळून पाहू नये, असा दंडक वडीलधारी माणसे घालून देत. त्या भयाची जागा आणि वेळ ठरलेली असे. या जपानी खेळातील भय भर उजेडात, रोजच्या वाटेवर उभे आहे.

खेळाच्या नियमात एक मोठे शहाणपण आहे. वावगे असून न दिसणे ही जशी चूक, तशीच काही नसताना ते दिसणे हीही चूक. शिक्षा दोहींस सारखीच. आपल्या सार्वजनिक जीवनात हे दोन्ही दोष आहेत. डोंगराचा एक कोपरा खरवडला जातो, शेताच्या कडेला मातीचे चार ट्रक रिते होतात, ओहोळाच्या तोंडाशी भिंत उभी राहते. पहिल्या दिवशी ते डोळ्यांस खुपते, आठवड्याने अंगवळणी पडते आणि वर्षाने 'हे पूर्वीपासून असेच होते' असे आपणच सांगू लागतो. उलटपक्षी, दारी आलेल्या प्रत्येक परक्या माणसात आणि प्रत्येक नव्या योजनेत कारस्थान पाहणारेही आपल्यात आहेत. पहिले निष्काळजी आणि दुसरे संशयी. दोघांनाही समोरची वस्तू नीट दिसत नाही.

ती दिसावी कशी, याचे उत्तर खेळाच्या आरंभीच आहे. पहिल्या फेरीत बोळात काहीही बदललेले नसते. जागा मूळची कशी आहे हे मनात ठसवण्यासाठीच ती फेरी. ती ज्याने धावत उरकली, त्याला पुढचा एकही बदल खात्रीने ओळखता येत नाही. आपल्या मुलांची ही पहिली फेरी झाली आहे काय? गावची तळी किती, झर कोठे फुटतो, मानशीतून पाणी कोणत्या बाजूस जाते, कोणत्या टेकडीवर कोणती झाडे होती, हे ज्यांना कोणी दाखवलेच नाही, त्यांना उद्या काय हरवले ते कळणार कसे? मुलांच्या हातचा खेळ हिसकावून घेण्याआधी वडीलधाऱ्यांनी त्यांना एकदा गावच्या शिवेपर्यंत सोबत न्यावे, आणि जे अजून जागेवर आहे ते बोट ठेवून दाखवावे.