समाजमाध्यमांवरील बातम्यांची लोकप्रियता

समाजमाध्यमांवरील बातम्यांची लोकप्रियता म्हणजे एखादी बातमी, छायाचित्र किंवा चित्रफीत वाचकांच्या पसंतीमुळे, प्रतिक्रियांमुळे व ती पुढे पाठवल्यामुळे अल्पावधीत मोठ्या समूहापर्यंत पोहोचणे होय. बोलभाषेत अशी बातमी ‘व्हायरल झाली’ असे म्हणतात. वृत्तपत्रात बातमीचे स्थान संपादक ठरवतो. समाजमाध्यमांवर ते वाचकांची कृती आणि संकेतस्थळाची क्रमवारी पद्धत यांवर अवलंबून असते.

== क्रमवारी ==
डिग (२००४) व रेडिट (२००५) या संकेतस्थळांनी वाचकांच्या मतांनुसार बातम्यांचा क्रम लावण्याची पद्धत रूढ केली. रेडिटने खुल्या केलेल्या जुन्या सूत्रात पहिल्या १० मतांचे वजन पुढील ९० मतांइतके होते आणि नव्या बातमीला झुकते माप मिळे. त्यामुळे आरंभीच्या थोड्या वाचकांचा कौल निर्णायक ठरत असे. साल्गानिक, डॉड्स व वॉट्स यांच्या २००६ मधील प्रयोगात इतरांची निवड दिसू लागताच लोकप्रिय गाणी अधिक लोकप्रिय झाली. मात्र एकच गाणे वेगवेगळ्या गटांत वेगवेगळ्या स्थानी पोहोचले. यावरून लोकप्रियतेत गुणवत्तेबरोबर योगायोगाचाही वाटा असल्याचे दिसते.

== प्रसाराची कारणे ==
बर्जर व मिल्कमन यांच्या २०१२ मधील अभ्यासानुसार विस्मय, संताप किंवा चिंता जागवणारा मजकूर अधिक पाठवला जातो. खिन्न करणारा मजकूर तुलनेने कमी. याशिवाय ओळखीची माणसे, बोलके दृश्य, एका वाक्यात सांगता येणारा आशय आणि योग्य वेळ यांचाही परिणाम होतो.

== बारामती व इंदापूर ==
बारामतीचे नेते शरद पवार यांनी १८ ऑक्टोबर २०१९ रोजी सातारा येथे भर पावसात केलेल्या भाषणाची दृश्ये समाजमाध्यमांवर सर्वदूर पसरली. वक्त्याचे वय, पाऊस व न थांबलेले भाषण हा आशय शब्दांवाचून कळत होता. मतदानही तीन दिवसांवर आले होते.

२०२४ मध्ये बारामती लोकसभा मतदारसंघात सुप्रिया सुळे व सुनेत्रा पवार यांच्यात लढत झाली. इंदापूर विधानसभा क्षेत्र याच मतदारसंघात येते. ‘नणंद विरुद्ध भावजय’ या तीन शब्दांमुळे ही लढत राजकारणाची माहिती नसलेल्यांनाही समजली. याउलट, नीरा डाव्या कालव्याच्या आवर्तनाची बातमी दोन्ही तालुक्यांतील शेतकऱ्यांच्या पिकांशी निगडित असूनही ती समजण्यासाठी स्थानिक संदर्भ लागतो. म्हणून तिला दूरचा वाचक मिळणे कठीण जाते. उजनी जलाशयावरील भिगवण येथील रोहित पक्ष्यांचे छायाचित्र मात्र कोणत्याही संदर्भाशिवाय पाहता येते.

== धोके ==
लोकप्रियता हे सत्यतेचे प्रमाण नाही. व्होसुघी, रॉय व अरल यांनी २००६ ते २०१७ या काळातील ट्विटरवरील सुमारे १,२६,००० वृत्तकथा तपासल्या. त्यांत खोट्या बातम्या खऱ्यांपेक्षा दूरवर व वेगाने पसरल्याचे आढळले (२०१८). मुले पळवणाऱ्या टोळीच्या अफवेतून १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे जमावाने भटक्या समाजातील पाच जणांची हत्या केली. देशभरातील अशा घटनांनंतर व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचपेक्षा अधिक ठिकाणी पाठवण्यास प्रतिबंध केला.