विमानातले दहा तास: भाग संपला की उठायचं

ज्यांचे इयरफोन घरी राहिलेत किंवा जे ऑफिसात चोरून वाचतायत, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे या भागाचं लिखित रूप. बोलताना माझं जे 'म्हणजे ना', 'ॲक्च्युअली' चालू असतं ते बरंचसं कापलंय. थोडं राहिलंय, चालवून घ्या.

तर आजचा विषय: परदेशी सुट्टीला निघालात, थेट विमान आहे, नऊ-दहा तास एका सीटवर बसायचंय. तो वेळ घालवायचा कसा?

माझ्यासमोर उदाहरण ताजं आहे. मे महिन्यात आई-बाबांना घेऊन लंडन आणि तिथून पुढे स्कॉटलंड असं केलं. मुंबई ते लंडन साधारण ७,२०० किलोमीटर. पुणे-नागपूर रात्रीच्या बसने केलेल्या माणसाला दहा तासांचं काय कौतुक, असं बाबांचं म्हणणं. पण बसमध्ये ढाबा येतो हो. पाय मोकळे होतात, चहा होतो, कुणाशी तरी भांडण होतं. विमानात यातलं काहीच आपोआप होत नाही, आणि खरी अडचण तिथेच आहे.

इंटरनेटवर सापडणारा सल्ला ठरलेला असतो: वीस सिनेमे डाउनलोड करा, एक जाडजूड पुस्तक घ्या, एखादा कोर्स पूर्ण करा. मला हे पटत नाही. कारण तिथे बसलेलं डोकं आपलं नेहमीचं डोकं नसतं. विमान दहा-बारा किलोमीटर उंचीवर उडतं, पण केबिनमधला हवेचा दाब जमिनीइतका ठेवत नाहीत. तो साधारण ६,००० ते ८,००० फुटांवर असतो तितका ठेवतात. आता आपलं कळसूबाई ५,४०० फूट. म्हणजे महाराष्ट्रातल्या सगळ्यात उंच शिखरापेक्षाही वर आपण दहा तास बसून असतो, तेही न चढता. ऑक्सिजन थोडा कमी मिळतो. हवेतला दमटपणा बहुतेक वेळा १० ते २० टक्के. मुंबईच्या माणसाचं नाक-घसा त्याने कोरडं पडणारच. (लेन्स लावणाऱ्यांनो, त्या दिवशी सरळ चष्मा घाला.) वर इंजिनाची सततची घरघर. अशा अवस्थेत तुम्ही सिस्टिम डिझाइनचा कोर्स संपवणार? शुभेच्छा.

म्हणून माझा नियम असा की विमानात नवीन आणि जड काही न्यायचं नाही. आधी बघितलेली मालिका, आधी ऐकलेले पॉडकास्ट, गप्पांचे भाग असंच घ्यायचं. मधली दहा मिनिटं डुलकी लागली तरी धागा तुटत नाही. आणि बघण्यापेक्षा ऐकण्याचं जास्त ठेवायचं, कारण कोरड्या हवेत तासन्‌तास स्क्रीन बघून डोळे चुरचुरतात. जागेचा हिशोबही ऐकण्याच्याच बाजूने आहे. १२८ केबीपीएसच्या ऑडिओला तासाला साधारण ५८ एमबी लागतात. दहा तासांचं ऐकणं ६०० एमबीच्या आत बसतं. तेवढ्यात एचडी सिनेमा अर्धासुद्धा मावत नाही.

आता फोनचं. डाउनलोड केलं म्हणजे ते वाजेलच असं नाही. बऱ्याच ॲप्समध्ये डाउनलोडला मुदत असते. स्पॉटिफायला ३० दिवसांत एकदा तरी ऑनलाइन यावं लागतं. व्हिडिओच्या ॲप्सवर काही गोष्टी एकदा प्ले केल्या की पुढच्या ४८ तासांतच बघाव्या लागतात. म्हणून निघायच्या आदल्या रात्री घरीच फोन एअरप्लेन मोडवर टाका, वाय-फाय बंद करा आणि प्रत्येक ॲप उघडून एकेक फाइल दोन सेकंद वाजवून बघा. आम्ही इंजिनिअर लोक याला टेस्टिंग म्हणतो आणि ते करायचा कंटाळा करतो, तो भाग वेगळा.

पॉवर बँक चेक-इनच्या बॅगेत चालत नाही, हातातल्याच बॅगेत ठेवायची. १०० वॉट-अवरपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही. २०,००० एमएएचची नेहमीची पॉवर बँक ७४ वॉट-अवरची असते, म्हणजे चालते. पण २०२५ मध्ये काही विमान कंपन्यांनी ती फक्त जवळ ठेवायची, उड्डाणात वापरायची नाही असा नियम केलाय. तेव्हा तुमच्या कंपनीचा नियम वाचा आणि सीटच्या यूएसबीसाठी केबल वर काढून ठेवा. सीटसमोरच्या स्क्रीनला अजून बऱ्याच विमानांत ब्लूटूथ नसतं, त्यामुळे वायरचे साधे इयरफोन असू द्या. नॉइज कॅन्सलिंग असेल तर उत्तम. त्यातला मायक्रोफोन बाहेरचा आवाज ऐकतो आणि हेडफोन त्याच्या बरोबर उलटी लहर सोडतो, दोन्ही एकमेकांना खोडतात. इंजिनाच्या एकसुरी घरघरीवर हे झकास चालतं. मागच्या रांगेतल्या बाळाच्या रडण्यावर फारसं चालत नाही. त्याला उपाय नाही, बाळ आहे ते.

आता मुद्द्याचं, ज्यासाठी हा भाग केला.

आईच्या पायांना व्हेरिकोज व्हेन्स आहेत. जाण्याआधी डॉक्टरांनी सांगितलं होतं की कॉम्प्रेशनचे मोजे घालायचे आणि विमानात अधूनमधून उठून चालायचं. लांब प्रवासात पाय लोंबकळत एका जागी राहिले की पोटरीच्या शिरांमधलं रक्त हळू फिरतं, आणि कधीकधी तिथे गाठ होते. ती सुटून फुप्फुसात गेली तर प्रकरण जिवावर बेततं. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये यावरचा अहवाल दिला होता: चार तास किंवा जास्त प्रवासात हा धोका साधारण दुप्पट होतो. घाबरू नका, निरोगी माणसात दुप्पट होऊनही तो सुमारे ६,००० मध्ये एक इतकाच आहे. आणि हे फक्त विमानाचं नाही. बस, ट्रेन, कार, सगळीकडे तेच. पण ज्यांना शिरांचा त्रास आहे, नुकतं ऑपरेशन झालंय, जे गरोदर आहेत, त्यांनी हा आकडा स्वतःचा समजू नये. डॉक्टरांना विचारूनच निघावं.

आणि आपल्या आया काय करतात? पाणी पीत नाहीत! "सारखं उठायला लागेल गं, शेजारच्याला त्रास," हे आईने मुंबईत बोर्डिंगच्या रांगेतच ऐकवलं. पाणी नाही म्हणजे उठणं नाही, उठणं नाही म्हणजे पाय हलणं नाही. तिला 'दर तासाला उठ' म्हणून उपयोग नव्हता. गजर लावला असता तर तिने तो बंद करून टाकला असता, घरी पहाटेचा करते तसा.

मग आम्ही पॉडकास्टचंच घड्याळ केलं. तिच्या फोनवर नऊ भाग टाकले, प्रत्येक ३५ ते ५० मिनिटांचा: दोन रहस्यकथा, एक स्वयंपाकाच्या इतिहासाचा, तीन गप्पांचे, बाकी पु. लं.चं कथाकथन. ऑटोप्ले बंद. भाग संपला की शांतता, आणि पुढचा ऐकायचा असेल तर अट एकच: मागच्या पँट्रीपर्यंत जाऊन यायचं, तिथे अर्धा ग्लास पाणी प्यायचं, परत येऊन सीटवर पावलं वीस वेळा वर-खाली करायची. सीट तिला मुद्दाम कडेची घेतली होती, म्हणजे कुणाला उठवायचा प्रश्नच नाही. सीटबेल्टचा दिवा लागला असेल तर फक्त पावलं. पहिल्या दोन फेऱ्या माझ्यावर उपकार म्हणून झाल्या. तिसऱ्या फेरीला ती मागे उभी राहून सांगलीच्या एका काकूंशी सुनेच्या बाळंतपणाबद्दल बोलत होती आणि मीच तिला शोधत गेले.

हे तुम्हालाही लागू आहे बरं का. पंचविशीतले पायही पायच असतात. ऑटोप्ले ही विमानातली सगळ्यात वाईट गोष्ट, कारण ती तुम्हाला उठायचं कारणच देत नाही. शिवाय भागांनी मोजलं की वेळही लवकर सरतो. 'अजून सहा तास बाकी' हे जड वाटतं. 'अजून पाच भाग' तसं वाटत नाही. समोरच्या नकाशातलं ते सरपटणारं विमान दर मिनिटाला बघत बसलात तर तास लांबतच जाणार. स्क्रीन सिनेमावर ठेवा नाहीतर बंद करा.

झोपेचं थोडक्यात. विमानात बसल्याबरोबर घड्याळ उतरायच्या गावाचं लावा. आमचं विमान दुपारी एकचं. दहा तासांनी उतरलो तेव्हा लंडनमध्ये संध्याकाळचे साडेसहा, आपल्याकडे रात्रीचे अकरा. अशा विमानात लांब झोप काढली तर लंडनमध्ये रात्रभर छत बघत बसावं लागतं, म्हणून अर्ध्या तासाची डुलकी पुरे. उलट पहाटे दोनचं विमान असेल तर ते सकाळी सातच्या सुमारास उतरतं. तेव्हा पहिलं जेवण सोडून दिलं तरी चालेल, पण झोपा. (जेवणाचं फार वाईट वाटून घेऊ नका. त्या हवेत गोड आणि खारट चव तशीही बोथट होते. आमच्याकडे चिवडा होता.)

बाबांना यातलं काहीच लागलं नाही. त्यांनी खिडकी घेतली आणि फोन काचेला लावून बसले. एअरप्लेन मोडमध्येही जीपीएस चालतं, कारण फोन उपग्रहांचे संदेश फक्त ऐकतो, काही पाठवत नाही. ऑफलाइन नकाशा आधीच उतरवलेला असला की निळा ठिपका ताशी ९०० किलोमीटरने सरकताना दिसतो. त्यांचा दुसरा उद्योग सूर्य. दहा तास झाले तरी तो मावळला नव्हता. मुंबईच्या अक्षांशावर पृथ्वीचा पृष्ठभाग ताशी सुमारे १,५८० किलोमीटरने पूर्वेकडे फिरतो, लंडनच्या अक्षांशावर सुमारे १,०४० ने. पश्चिमेकडे ९०० ने जाणारं विमान शेवटी शेवटी सूर्याशी जवळजवळ बरोबरी करतं. बाबांनी हे मागच्या रांगेलाही समजावून सांगितलं, त्यांनी न विचारता.

परतीचं गणित वेगळं आहे. पूर्वेकडे येताना वारे पाठीमागून असतात, प्रवास तासाभराने कमी होतो, पण शरीराचं घड्याळ पुढे ढकलावं लागतं आणि ते जास्त जड जातं. मुंबईत सकाळी उतरलात तर पडदे लावून झोपू नका, उन्हात चक्कर मारा. आणि परतीचे भाग हॉटेलच्या वाय-फायवर आदल्या रात्रीच उतरवा. आईने तिची यादी स्कॉटलंडमध्येच दिली होती: रहस्यकथा पाच, गप्पा दोन, आणि 'तो स्वयंपाकाच्या इतिहासाचा नको, त्यात पुरणपोळीबद्दल चुकीचं सांगितलंय'.